ऑर्गनिस्टची रविवारची नोकरी ‘बाजूची’ नसते

प्रति, संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पाश्चात्त्य संगीतावरचं सदर मी नियमित वाचते आणि मध्यंतरी त्यात चक्क ऑर्गनिस्ट मंडळींवर, म्हणजे चर्चमधला पाइपांचा मोठा ऑर्गन वाजवणाऱ्यांवर, लेख आला तेव्हा खूप बरं वाटलं, कारण पियानो, व्हायोलिन आणि फार तर कंडक्टर याच्या पुढे सहसा कुणी जातच नाही. लेख चांगलाच होता. पण त्यातलं एक म्हणणं डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितेय. लेखकांच्या म्हणण्याचा अर्थ असा होता की ऑर्गनिस्ट माणूस पोटापाण्यासाठी चर्चमध्ये नोकरी करतो आणि त्याची खरी कला दिसते ती मैफलीत. थोडक्यात काय तर चर्च म्हणजे पोट आणि कॉन्सर्ट म्हणजे कला. मला हे साफ उलटं वाटतं. या लोकांचं करिअर नीट बघितलं की दिसतं, त्यांची कला दर रविवारच्या त्या नोकरीतच घडलेली असते, मैफलीत ती फक्त जास्त लोकांना ऐकू येते एवढंच.

मार्सेल द्युप्रेंचंच घ्या ना. जन्म 1886 चा, रुआँ गावचा. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या कॉन्सर्ट ऑर्गनिस्टांमध्ये त्यांचं नाव घेतात. 1920 मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हातवारमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, त्यांनी अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या ऑर्गनसाठीच्या सगळ्या रचना, सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या, दहा कार्यक्रमांत पाठ वाजवल्या, समोर कागद नाही. पुढे अमेरिकेचे दौरे, आयुष्यभरात दोन हजारांवर कार्यक्रम. पण बाहेरच्या जगाला हे नाव कळलं कसं ते बघा. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे ऑर्गनिस्ट लुई व्हिएर्न डोळ्यांच्या उपचारांसाठी स्वित्झर्लंडला गेले होते आणि त्यांच्या जागी द्युप्रे बदली म्हणून वाजवत होते. 1919 च्या ऑगस्टमधल्या मारियेच्या सणाची संध्याकाळची प्रार्थना होती. अशा प्रार्थनेत एक ओळ कॉयर, म्हणजे गायकांचा समूह, गातो, पुढची ऑर्गन वाजवतो, परत कॉयर, परत ऑर्गन, असं चालतं, आणि ऑर्गनच्या वाट्याचं द्युप्रे तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवत होते. खाली बसलेल्या लोकांत एक इंग्रज साहेब होते, रोल्स-रॉइस कंपनीचे क्लॉड जॉन्सन. त्यांना ते इतकं आवडलं की हे छापील संगीत कुठे विकत मिळेल म्हणून त्यांनी चौकशी केली आणि छापील काही नाहीच आहे, जागच्या जागी रचलंय, हे कळल्यावर पैसे देऊन ते लिहून द्यायला सांगितलं. तीच द्युप्रेंची त्या प्रार्थनेची पंधरा पदं, आज सगळे वाजवतात. आणि त्याच ओळखीतून पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला. म्हणजे बदलीची ड्युटी, सणाची प्रार्थना, टाळ्या नाहीत, कार्यक्रमपत्रिकेत नाव नाही, आणि जगभरच्या मैफलींचा रस्ता सुरू कुठून झाला तर तिथून!

आता ही ‘नोकरी’ म्हणजे नक्की काय हे लेखात आलं नव्हतं, ते सांगते. बऱ्याच वाचकांना वाटत असेल की गाणी ठरलेली असतात, बाई किंवा बुवा येतात, वाजवतात आणि जातात. तसं नसतं हो. मिस्सेमध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, किती तरी जागा अशा असतात की तिथे किती वेळ वाजवायचं हे ऑर्गनिस्टच्या हातातच नसतं. फादर वेदीपर्यंत येईपर्यंत वाजवायचं, दान गोळा होईपर्यंत वाजवायचं, कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद घेणाऱ्यांची, रांग संपेपर्यंत वाजवायचं. रांग आज लांब आहे की आखूड हे आधी कुणाला ठाऊक? लग्नात नवरी पोचेपर्यंत वाजवायचं, आणि ती वेळेवर येते असं थोडंच आहे.

एका मोठ्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना वर ऑर्गनच्या गॅलरीत कोपऱ्यात उभं राहायची परवानगी मला मिळाली होती. दगडी गोल जिना, वर थंडी आणि लाकडाचा वास. वाजवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या कापडी पिशवीतून पातळ तळव्याचे वेगळे बूट काढून घातले, कारण पायानेही सूर वाजवायचे असतात आणि जाड तळव्यातून पायाखालची पट्टी कळत नाही. त्यांची पाठ वेदीकडे होती, समोर एक छोटा आरसा बसवलेला आणि त्यात खाली चाललेलं सगळं बोटभर दिसतंय. दान गोळा होत असताना त्यांनी एका गीताची चाल धरून वाजवायला सुरुवात केली. नजर वहीवर नाही, पट्ट्यांवर नाही, आरशात. धूप दाखवायला फादरना त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला तर बाईंनी तीच चाल खालच्या सुरात पायाकडे दिली आणि वर हाताने दुसरंच काही तरी उभं केलं, इतकं सहज की खाली बसलेल्या कुणाला कळणारही नाही की हे लांबवलंय. मग आरशात फादर वळलेले दिसले आणि दोन मात्रांत सगळं आटोपून मूळ सुरावर येऊन थांबल्या, ते ‘प्रार्थना करूया’ म्हणायला आणि सूर विरायला एकच गाठ. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या की हे दर आठवड्याचंच आहे. मी कितीतरी मैफली ऐकल्यात पण इतकी अवघड गोष्ट इतक्या शांतपणे केलेली क्वचितच बघितलीय.

आणि त्याला टाळी नाही. मागे वळून बघणारंही कुणी नाही.

लोकांना गायला लावणं हा तर आणखी वेगळाच विषय. शेकडो माणसं, निम्मी सुरात नाहीत, मागच्या बाकांवरचे पुढच्यांपेक्षा उशिरा गातात, आणि पाइप कुठे तरी उंचावर भिंतीत असल्यामुळे आवाज वाजवणाऱ्यालाच उशिरा ऐकू येतो. मोठ्या दगडी चर्चमध्ये सूर सोडल्यावरही तो काही सेकंद घुमत राहतो. अशा ठिकाणी ऐकून वाजवायला गेलं की लय ढासळलीच म्हणून समजा, कानाला जे उशिरा येतंय त्याच्या पुढे राहून वाजवावं लागतं आणि लोकांना श्वास घ्यायला कडव्यांच्या मध्ये जागा सोडावी लागते. कुठे लवकर तोडायचं, कुठे थांबायचं, ही जी जाण आहे ना, ती मैफलीत जशीच्या तशी कामाला येते. मोठ्या चर्चमध्ये बाखची वेगवान फ्यूग, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येत गुंफली जाते ती रचना, काही जणांच्या हातात स्पष्ट ऐकू येते आणि काहींच्या हातात सगळा चिखल होतो, त्याचं बरंचसं कारण हेच.

बाखवरून आठवलं. ही नोकरी आणि कला यांची ओढाताण त्याच्यापासून आहे. 1703 मध्ये, वय अवघं 18, तो जर्मनीतल्या आर्नश्टाट नावाच्या लहान गावात ऑर्गनिस्ट म्हणून लागला. 1705 च्या शेवटी-शेवटी चार आठवड्यांची रजा घेऊन तो ल्युबेकला गेला, 400 किलोमीटरच्या आसपासचं अंतर, चालत गेला असं सांगतात, कशासाठी तर म्हाताऱ्या बुक्स्टेहूडेचं वादन ऐकायला. आणि चार आठवड्यांच्या ऐवजी परत आला जवळपास चार महिन्यांनी. चर्चच्या वरिष्ठांनी 1706 च्या फेब्रुवारीत त्याला बोलावून जाब विचारला, त्याची नोंद आजही आहे. रजेबद्दल तर विचारलंच, वर असंही म्हणाले की तू गीतांमध्ये इतके चमत्कारिक सूर मिसळतोस की लोक गाताना गोंधळतात, आधी फार लांब वाजवायचास आणि सांगितल्यावर आता उलट फारच आखूड वाजवतोस. मला ही नोंद फार मोलाची वाटते. बाख ल्युबेकहून जे शिकून आला ते त्याने कुठे वापरून बघितलं? रविवारच्या गीतांवर, त्या गोंधळलेल्या गावकऱ्यांसमोर. दुसरी जागाच नव्हती.

तो ज्यांना ऐकायला गेला त्या बुक्स्टेहूडेंचंही तेच. ते चर्चचे ऑर्गनिस्ट, शिवाय चर्चचे हिशोबही तेच सांभाळायचे, आणि नाताळाआधीच्या काही रविवारी संध्याकाळी त्याच चर्चमध्ये ते संगीताचे कार्यक्रम करायचे, खर्च गावातले व्यापारी उचलायचे. चर्चमधल्या कॉन्सर्टची ही केवढी जुनी परंपरा, आणि ती चालवणारा माणूस सकाळी उपासनेला वाजवणाराच.

पॅरिसच्या साँ-स्युल्पिस चर्चची गोष्ट तर पुरवणीत अख्ख्या पानभर यायला हवी असं माझं मत आहे. तिथला ऑर्गन कावाये-कोल या मोठ्या कारागिराने 1862 मध्ये उभा केलेला, हातासाठी पाच कीबोर्ड, शंभर स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजाचे पाइप चालू करायच्या खुंट्या. 1869 च्या शेवटच्या दिवशी तिथले ऑर्गनिस्ट वारले आणि 1870 च्या जानेवारीत शार्ल-मारी विडॉर नावाच्या 25 वर्षांच्या पोराला एका वर्षापुरतं, तात्पुरतं म्हणून नेमलं. वर्ष संपलं, कुणी कायम केलं नाही, कुणी काढलंही नाही, आणि विडॉर तिथे 1933 संपेपर्यंत वाजवत राहिले. चौसष्ट वर्षं! तोपर्यंत ते कॉन्झर्व्हातवारमध्ये प्रोफेसर झाले होते, फ्रान्सच्या कला अकादमीचे कायमचे सचिव झाले होते, त्यांच्या पाचव्या सिंफनीतली तोकाता, म्हणजे वेगवान बोटांचा एक भाग, जगभर लग्नांत वाजायला लागली होती. त्यांनी ऑर्गन या एकट्या वाद्यासाठी सिंफनी लिहिल्या, एक-दोन नाही, दहा. आता कुणी म्हणेल त्या कॉन्सर्टसाठीच ना. असतील. पण त्यांच्या कानात कुठला ऑर्गन होता? जो दर आठवड्याला हाताखाली होता तोच. पाच कीबोर्डांच्या त्या राक्षसी वाद्यासोबत इतकी वर्षं काढल्याशिवाय असं संगीत सुचत नाही. त्यांच्यानंतर ती जागा द्युप्रेंना मिळाली, जे आधी तिथेच त्यांचे मदतनीस होते, आणि तेही 1971 मध्ये जाईपर्यंत तिथेच. वारले तो दिवस पेंटेकॉस्टचा रविवार, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण. म्हणजे एका शतकात एका बाकावर दोन माणसं.

जग फिरून आलेला, अमेरिकेत हजारोंसमोर वाजवलेला माणूस रविवारी परत येऊन त्याच गोल जिन्याने वर चढतो, याला मी तरी बाजूची नोकरी म्हणणार नाही.

व्हिएर्न यांच्याबद्दल लिहिताना मला नेहमी भरून येतं. जन्मापासून डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. 1900 मध्ये स्पर्धा जिंकून ते नोत्र-दामचे ऑर्गनिस्ट झाले. नाव एवढं मोठं पण पैसा कधी पुरला नाही, महायुद्धात मुलगा गेला, भाऊ गेला, आणि त्यात नोत्र-दामचा ऑर्गन मोडकळीला आला तेव्हा त्याच्या दुरुस्तीला पैसे जमवायला हा जवळपास आंधळा माणूस 1927 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. हे लक्षात घ्या. चर्चच्या वाद्यासाठी म्हणून कॉन्सर्ट दौरा! 2 जून 1937 ला नोत्र-दाममध्येच त्यांचा कार्यक्रम होता, तो त्यांचा 1750 वा असं सांगतात. ठरलेलं वाजवून झालं, शेवटी दिलेल्या सुरावर उत्स्फूर्त वाजवायचं होतं, त्यासाठी स्टॉप निवडत असताना ते बाकावरच कोसळले, शेजारी त्यांचे शिष्य मोरिस द्युरुफ्ले होते. सदतीस वर्षं ज्या बाकावर रविवार काढले त्याच बाकावर मैफल आणि तिथेच शेवट. यातलं चर्च कुठलं आणि कॉन्सर्ट कुठला हे कुणी मला वेगळं करून दाखवावं.

आणि मेसियाँ! ऑलिव्हिए मेसियाँ विसाव्या शतकातले केवढे थोर संगीतकार, पक्ष्यांच्या आवाजांवर काम केलेले, ते 1931 मध्ये, वय फक्त 22, पॅरिसच्या त्रिनिते चर्चचे ऑर्गनिस्ट झाले आणि 1992 ला जाईपर्यंत, एकसष्ट वर्षं, ते पद त्यांच्याकडेच राहिलं. त्यांच्या सुरांबद्दल भाविकांनी तक्रारी केल्या, ते साहजिकच आहे, आर्नश्टाटच्या लोकांनी बाखबद्दल केल्या होत्या तशाच. पण त्यांची पेंटेकॉस्टची मिस्सा ही रचना 1950 मध्ये पूर्ण झाली ती कशातून आली? वीस वर्षं तिथे मिस्सेला जे जे जागच्या जागी वाजवलं त्याचं सार त्यांनी त्यात लिहून काढलं. मिस्सेतल्या ज्या जागी ऑर्गन वाजतो त्या जागांनुसार तिचे भाग पाडलेत. आज ती मैफलीत वाजते, टाळ्या मिळतात, सगळं खरं, पण तिचा जन्म फादरची वाट बघतानाचा आहे.

आता मैफलीच्या बाजूचं बोलते, कारण त्यातही लोकांना न दिसणारे कष्ट खूप आहेत आणि ते लेखात आले नाहीत. पियानिस्टला सगळीकडे साधारण सारखाच पियानो मिळतो, व्हायोलिनवाला आपलं वाद्य सोबत नेतो. ऑर्गनिस्टला जिथे जाईल तिथे वेगळं वाद्य. कुठे दोन कीबोर्ड कुठे पाच, कुठे पट्ट्या लोण्यासारख्या तर कुठे जुन्या यांत्रिक जोडणीमुळे बोटं दुखतील इतक्या जड, स्टॉपची नावं जर्मनीत वेगळी फ्रान्समध्ये वेगळी, आणि एकच नाव असलं तरी आवाज वेगळा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून, डबे कुठे ते विचारत विचारत, पंगतीचा स्वयंपाक करायचा तसं ते काम आहे. त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, चर्च किंवा हॉल रिकामं झालं की, कुणाला तरी खाली बसवून ऐकायला सांगायचं आणि कुठल्या जागी कुठले स्टॉप ओढायचे हे तासन्‌तास ठरवायचं. नव्या वाद्यांवर हे सगळं इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवता येतं, जुन्या वाद्यांवर मात्र शेजारी मदतनीस उभा करून पेन्सिलीने खुणा कराव्या लागतात. बरं सराव घरी कसा करणार? वाद्य इमारतीएवढं. म्हणजे चर्चची किल्ली मागून घ्यायची आणि हिवाळ्यात स्वेटर घालून बसायचं. इथेही बघा, चर्चची नोकरी असेल तर किल्ली असते, आणि किल्ली असेल तरच सराव होतो.

बायकांचा उल्लेख लेखात एका ओळीत संपला याचं मात्र वाईट वाटलं. झान दमेस्यो 1921 ला मोंपेल्येत जन्मल्या, 1933 मध्ये, बाराव्या वर्षी, पॅरिसच्या सँतेस्प्री चर्चच्या ऑर्गनिस्ट झाल्या. बारा वर्षांची मुलगी! पुढे द्युप्रेंकडे शिकल्या, 1946 मध्ये पॅरिसच्या प्लेयेल हॉलमध्ये पहिल्यांदा जाहीरपणे वाजवलं, अमेरिकेचे तीन दौरे केले, हजारावर रचना तोंडपाठ, पायात उंच टाचांचे बूट घालून पेडलवर जे वाजवायच्या त्याने लोक थक्क व्हायचे. आणि हे सगळं चालू असताना सँतेस्प्रीचं साधं चर्च त्यांनी 1962 पर्यंत सोडलं नाही. मग मादलेनला गेल्या, जिथे कधी काळी साँ-साँस आणि फोरे हे मोठे फ्रेंच संगीतकार वाजवून गेले होते. 1968 ला, सत्तेचाळिसाव्या वर्षीच गेल्या. मारी-क्लेर आलाँ यांनी तर बाखचं संपूर्ण ऑर्गन संगीत एकदा नाही, तीनदा रेकॉर्ड केलं, जगभर शिकवलं, आणि वडील ज्या साँ-जर्मँ-आं-ले गावच्या चर्चमध्ये वाजवायचे तिथेच त्यांच्यानंतर त्याही वाजवत राहिल्या. अशा बायकांवर स्वतंत्र लेख यायला हवा.

पैशाचं म्हणाल तर लेखकांशी मी अर्धी सहमत आहे. फ्रान्समध्ये प्रसिद्ध चर्चचं पद म्हणजे मान मोठा आणि मानधन बेताचं, बहुतेकांना कॉन्झर्व्हातवारमध्ये शिकवूनच घर चालवावं लागतं, लग्नं आणि अंत्यविधी यांचे वेगळे पैसे मिळतात ते वेगळे. म्हणजे पोटासाठी चर्च हा हिशोब तिथेही बसत नाही! जर्मनीत व्यवस्था जरा बरी आहे, चर्च संगीताच्या परीक्षा ए, बी, सी अशा दर्जाच्या असतात आणि वरच्या परीक्षेवर पूर्णवेळ पद मिळू शकतं, पण मग नुसता ऑर्गन नाही, कॉयर बसवणं, मुलांना गायला शिकवणं हेही त्यात आलं. इंग्लंडात 1864 पासून ऑर्गनिस्टांचं रॉयल कॉलेज आहे आणि तिथल्या परीक्षेत नुसत्या रचना वाजवून भागत नाही, समोरचं गीत तिथल्या तिथे दुसऱ्या पट्टीत वाजवून दाखवायचं, दिलेल्या सुरावर उत्स्फूर्त वाजवायचं, हे सगळं असतं. कशाला असेल? कारण रविवारी तेच लागतं. अमेरिकेत 1896 पासून ऑर्गनिस्टांची गिल्ड, म्हणजे संघटना, आहे, कामाच्या तासांप्रमाणे पगार किती असावा याची मार्गदर्शक सूत्रं ते 2017 पर्यंत काढायचे, पण लहान चर्च ती पाळतीलच असं नव्हतं. आणि सुट्टीचं तर विचारूच नका, जग जेव्हा घरी असतं, रविवार, नाताळ, ईस्टर, तेव्हा यांची हमखास ड्युटी.

चर्चशिवाय कुणी मोठं झालंच नाही असं मी म्हणत नाही. इंग्लंडात टाउन हॉलमध्ये प्रचंड ऑर्गन बांधले गेले आणि डब्ल्यू. टी. बेस्ट यांनी लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये 1855 पासून जवळपास चाळीस वर्षं शहराचे ऑर्गनिस्ट म्हणून वाजवलं, ऑर्केस्ट्राचं संगीत ऑर्गनवर आणून साध्या लोकांपर्यंत पोचवलं, ते काम मोठंच. अमेरिकेत व्हर्जिल फॉक्स यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चची जागा 1965 मध्ये सोडली आणि 1970 मध्ये थेट रॉक संगीताच्या थिएटरात प्रकाशाच्या खेळासोबत तरुणांना बाख ऐकवला. अलीकडच्या काळात कॅमरन कार्पेंटर यांनी स्वतःचा डिजिटल ऑर्गन ट्रकमधून सोबत नेऊन कार्यक्रम केले. मला यातलं बरंच आवडतं. पण फॉक्स हे सगळं करू शकले त्याआधी एकोणीस वर्षं त्यांनी रिव्हरसाइडला काढली होती, हे विसरून कसं चालेल?

श्वाइत्झर तर आपल्या वाचकांना माहीत आहेत, पण आफ्रिकेतले डॉक्टर म्हणून. ते विडॉरचे शिष्य, बाखवर त्यांचं मोठं पुस्तक, आणि 1913 ला आफ्रिकेतल्या लांबारेनेला गेले तेव्हा पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना पेडल असलेला खास पियानो दिला, दमट हवेत टिकावा म्हणून आतून जस्ताचं अस्तर लावलेला. दिवसभर रुग्ण तपासून रात्री ते त्यावर सराव करायचे आणि युरोपात येऊन ऑर्गनचे कार्यक्रम करून हॉस्पिटलसाठी पैसे जमवायचे. त्यांच्यावरच्या लेखांत ही बाजू एका वाक्यात उरकतात.

एक मोठी घटना अलीकडची. 15 एप्रिल 2019 ला नोत्र-दामला आग लागली तेव्हा आत मिस्सा चालू होती. छप्पर गेलं, मनोरा कोसळला, पण जवळपास आठ हजार पाइपांचा मोठा ऑर्गन जळाला नाही, फक्त शिशाच्या विषारी धुळीने भरला. तो सगळा उतरवला, साफ केला, परत बसवला, सूर लावले, रिकाम्या इमारतीत रात्री रात्री बसून. 7 डिसेंबर 2024 ला चर्च पुन्हा उघडलं तेव्हा आर्चबिशपनी ऑर्गनला उद्देशून ‘जागा हो’ म्हणत आठ वेळा हाक दिली आणि प्रत्येक हाकेला ऑर्गनने उत्तर दिलं, आधी न लिहिलेलं, तिथल्या तिथे रचलेलं. वाजवणाऱ्यांत ऑलिव्हिए लात्री होते, जे 1985 मध्ये वयाच्या 23 व्या वर्षी तिथे नेमले गेले आणि जगभर मैफली करतात. साऱ्या जगाने टीव्हीवर बघितलं. तो कॉन्सर्ट नव्हता, उपासनाच होती.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती आहे. यापुढे एखाद्या ऑर्गनिस्टवर लिहाल किंवा कुणाच्या निधनाची बातमी द्याल तेव्हा दौऱ्यांची आणि पुरस्कारांची यादी जरूर द्या, पण कुठल्या चर्चमध्ये किती वर्षं वाजवलं, कुणाकडून ती जागा घेतली आणि कुणाकडे सोपवली हेही द्या. त्या माणसाच्या कामातला तो मोठा भाग असतो.

आणि पुढचा लेख कुणावर घ्यावा असं विचाराल तर मी हेल्मुट वाल्खांचं नाव सुचवेन. जर्मनीतले, 1907 चे, विशी गाठायच्या आतच दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर बाख शिकायचा कसा? त्यांची आई आणि पुढे पत्नी एकेक आवाज वेगळा वाजवून दाखवायची, म्हणजे चार सुरावटी एकात एक गुंफलेल्या असतील तर आधी पहिली एकटी, मग दुसरी एकटी, तिसरी, चौथी, आणि वाल्खा त्या सुट्या सुट्या पाठ करून मनातल्या मनात एकत्र बांधायचे. असं करत करत त्यांनी बाखचं ऑर्गन संगीत पाठ केलं आणि दोनदा रेकॉर्ड केलं, एकदा मोनोमध्ये आणि परत स्टिरिओमध्ये. ती रेकॉर्डिंग आजही मिळतात. लावून बघा, प्रत्येक आवाज कसा वेगळा, स्वतःच्या पायावर चालतो ते ऐका. युद्धानंतर 1946 मध्ये ते फ्रँकफुर्टच्या ड्रायक्योनिग चर्चमध्ये रुजू झाले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बाखचं दुसरं रेकॉर्डिंग संपलं. चर्चमधलं वाजवणं मात्र 1981 पर्यंत चालू होतं.

आपली,
एक नियमित वाचक